जुनी वनस्पतिचित्रं घेताना : आधी झाड ओळखा, मग कागद तपासा

द्राक्षाचा हंगाम साधला की निफाड तालुक्यात बांधकामं निघतात. पिंपळगाव, ओझर, उगाव, विंचूर या पट्ट्यात शेतातले बंगले, कृषी पर्यटनाच्या खोल्या, वायनरीशेजारची उपाहारगृहं आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्या भिंतींवर हल्ली एक प्रकार हमखास दिसतो. पिवळट कागद, मधोमध एखादी वेल किंवा फळासकट फांदी, खाली तिरप्या अक्षरात लॅटिन नाव, भोवती काळी बारीक चौकट. इंटेरिअरवाला सांगतो, "साहेब, ब्रिटिशकालीन आहे, एकदम ओरिजिनल." आकडा ऐकून घरातली जुनी माणसं गप्प बसतात.

अशी चित्रं खरोखरच मोलाची असू शकतात. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हाताने रंगवलेली पानं आजही बाजारात येतात आणि साध्या नोकरदारालाही एखादं परवडतं. पण त्याच नावाखाली ऑफसेटवर किंवा इंकजेटवर अलीकडे छापलेला मालही सर्रास खपतो. दोन्हींतला फरक ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. शिवाय निफाडचा बागायतदार या कामात मुंबईच्या संग्राहकापेक्षा एका बाबतीत पुढे आहे : चित्रातलं झाड त्याच्या रोजच्या ओळखीचं असतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी झाड, मग कागद, मग चित्राखालची बारीक अक्षरं, आणि विक्रेता सांगतो ती गोष्ट सगळ्यांत शेवटी.

ही चित्रं आली कुठून

पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज जहाजं मसाल्याच्या मागे पूर्वेकडे आली तेव्हा इथल्या झाडपाल्याची माहिती ही त्यांची गरज होती. कोणतं मूळ तापावर चालतं, कोणतं लाकूड जहाजाला टिकतं, कोणतं पीक दुसऱ्या वसाहतीत नेऊन लावता येईल, हे सगळं त्यांना हवं होतं. गोव्यात गार्सिया द ओर्ताने १५६३ साली इथल्या औषधींवरचा ग्रंथ छापला, पण त्यात चित्रं नव्हती. त्याचा लॅटिन संक्षेप क्लूसियसने १५६७ मध्ये अँटवर्पला काढला, त्यात लाकडी ठशांवरची चित्रं आली. पुढे लाकडाची जागा तांब्याने घेतली. पत्र्यावर पोलादी हत्याराने रेषा कोरायच्या, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांखालून काढायचा. रंग द्यायचाच तर छापून झाल्यावर, एकेका प्रतीवर, कुंचल्याने.

आपल्या दृष्टीने यातला सगळ्यांत जवळचा ग्रंथ म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीनचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हीड याने तो करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. चित्रं सातशेहून अधिक. झाडांची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. भाषा कोकणी. युरोपात छापलेल्या नागरी अक्षरांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी तो एक आहे.

या ग्रंथाचं सुटं पान हाती आलं तर घाईने खाली ठेवू नका. बहुतेक चित्रं दुहेरी पानावर आहेत, त्यामुळे मधोमध उभी घडी दिसते. पुष्कळ पानांवर वरच्या बाजूला झाडाची नावं अनेक लिप्यांत कोरलेली असतात : रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी. नागरी नावाआधी 'ब्रॅम' असा संक्षेप असतो, म्हणजे ब्राह्मणांच्या बोलीतलं नाव. कोरणारा कारागीर डच. त्याला ती अक्षरं वाचता येणं शक्य नव्हतं, समोरच्या नमुन्यावरून त्याने ती आकृती म्हणून उतरवली. म्हणून मात्रा कुठे निसटलेली, एखादं अक्षर भलत्याच वळणाचं. संगणकावरच्या ठाशीव टाइपातलं नागरी अशा पानावर दिसलं तर ते पान अलीकडचं, यात शंका नको. आणखी एक खूण म्हणजे या ग्रंथातली चित्रं मुळात बिनरंगी निघाली होती. रंगवलेलं पान समोर आलं तर रंग नंतर कोणीतरी भरला असण्याचीच शक्यता जास्त. विक्रेता नेमक्या त्या रंगाचेच जादा पैसे मागतो.

कंपनी सरकारच्या काळात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. विल्यम रॉक्सबर्गचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ग्रंथ १७९५ ते १८२० या काळात लंडनला निघाला. तीन खंड, ३०० हाताने रंगवलेली चित्रं. नाव कोरोमंडलचं असलं तरी त्यातल्या पहिल्या खंडात साग आहे, पळस आहे, मोह आणि बिब्बा आहे. पेठ-सुरगाण्याच्या रानात फिरलेल्या कुणालाही ही पानं परकी वाटणार नाहीत. नॅथॅनियल वॉलिकच्या ग्रंथात (१८३० ते १८३२) २९५ चित्रं आहेत, तीही रंगीत, पण तोवर तंत्र बदललं होतं : ती शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली आहेत. रॉबर्ट वाइटने मद्रास इलाख्यात राहून १८५३ पर्यंत सहा खंडांत २,१०१ शिळाछाप चित्रं काढली, बहुतेक बिनरंगी.

मूळ रेखाटनं करणारे हात बहुतेक इथलेच होते. रॉक्सबर्गच्या पानांवर त्यांची नावं नाहीत, त्याच्या चित्रकारांना ग्रंथात जागाच मिळाली नाही. वॉलिकच्या पानांवर मात्र विष्णुप्रसाद आणि गोराचंद, वाइटच्या पानांवर रंगिया आणि गोविंदू ही नावं खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडतात. दोन सारख्या चित्रांत निवड करायची झाली तर मी नाव असलेलं पान घेईन. बाजारभाव अजून या गोष्टीला द्यावी तेवढी किंमत देत नाही, ते घेणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं.

मुंबई इलाख्याच्या नावाने फसू नका

आपल्या भागातलं काही हवं, असं वाटणं साहजिक आहे. विक्रेत्यांनाही ते कळतं. म्हणून काही गोष्टी पाठच करून ठेवा.

जॉन ग्रॅहमची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची १८३९ ची. डॅल्झेल आणि गिब्सन यांचं 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळातला, अभ्यासक आजही उघडून बघतात असा. या तिन्हींत चित्रं नाहीत. म्हणजे 'बॉम्बे फ्लोरातलं पान' म्हणून कुणी रंगीत फूल दाखवलं तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

दुसरं प्रकरण दापोडीचं. पुण्याजवळच्या दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून दीडशेहून अधिक जलरंग चित्रं काढून घेतली. त्या चित्रकाराचं नाव नोंदलं गेलेलं नाही. ती चित्रं एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक केलं. त्या काळी ती छापली गेली नव्हती. तेव्हा 'दापोडीचं जुनं छापील चित्र' अशी वस्तू असूच शकत नाही, असेल ते पुस्तकातून किंवा स्कॅनवरून काढलेलं.

खऱ्या अर्थाने जवळचं, छापलेलं आणि बाजारात मिळू शकणारं म्हणजे जेम्स फोर्ब्सचा 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार खंडांचा ग्रंथ, लंडन, १८१३. हा फोर्ब्स कंपनीच्या नोकरीत १७६५ ते १७८४ पश्चिम भारतात होता. १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीला गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेत तो चिटणीस होता. नाशिकजवळच्या आनंदवल्लीचे राघोबादादा तेच. लढाईच्या धामधुमीतही त्याने पक्षी, वेली, फुलं रेखाटली. त्यातली हाताने रंगवलेली पानं सुटी विकायला येतात. १८३४ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात चित्रांचा खंड वेगळा बांधलेला आहे. दोन्हींच्या किमतीत फरक पडतो, म्हणून कोणत्या आवृत्तीचं पान ते लिहून मागा.

आणि एक नाव आपल्याकडचं : लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. बी. डी. बसूंबरोबर त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादला निघाला. त्याचे चित्रांचे स्वतंत्र भाग आहेत. पण त्यातली पुष्कळ चित्रं जुन्या ग्रंथांवरून उतरवलेली आहेत आणि पुढे त्यांची पुनर्मुद्रणंही झाली. त्यामुळे कीर्तिकर-बसूंचं पान वाइटचं म्हणून आणि पुनर्मुद्रणाचं पान मूळ म्हणून, अशी दुहेरी बढती त्याला बाजारात मिळू शकते. मूळ ग्रंथ उत्तम आहे. पान ज्याचं त्याच्या नावाने मिळालं तर जरूर घ्या.

तपासणी कशी करायची

झाडापासून सुरुवात. समजा, द्राक्षाचं चित्र आहे. वेलीवर तणावा पानाच्या समोरच्या बाजूला फुटतो, घडही तिथेच येतो. पानाच्या बगलेतून घड लोंबताना दाखवला असेल तर चित्रकाराने वेल पाहिलीच नव्हती. फुलोऱ्यात द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या सुट्या उमलत नाहीत, टोपीसारख्या एकसंध गळून पडतात. शास्त्रीय चित्रात ही टोपी अनेकदा वेगळी, मोठी करून कोपऱ्यात काढलेली असते. गुलाबासारख्या पाकळ्या उमललेलं द्राक्षाचं फूल दिसलं तर ते सजावटीचं चित्र समजा, शास्त्राचं नव्हे. ही तपासणी तुम्ही उभ्या उभ्या करू शकता, दुकानदाराला मात्र अनेकदा हे माहीतच नसतं.

वेलींच्या बाबतीत आणखी एक मजा आहे. दुसऱ्या वनस्पतीला वळसे घालत चढणाऱ्या बहुतेक वेलींची वळण्याची दिशा जातीनुसार ठरलेली असते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. चांगला कारागीर रेखाटन आधीच उलटं करून कोरायचा. दुसऱ्याच्या ग्रंथातलं चित्र चोरून भराभर कोरणारा हा त्रास घ्यायचा नाही. म्हणून चोरलेल्या आवृत्त्यांत वेल उलट्या दिशेने चढताना सापडते. अशी चोरी अठराव्या शतकातही सर्रास चालायची, तेव्हा असं पान जुनं असू शकतं. पण मूळ ग्रंथाचं म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

आता भिंग काढा. दहापट मोठं दाखवणारं सराफाचं भिंग पुरतं. थ्रिप्स, कोळी बघायला बागेत नेता तेही चालेल. ऑक्टोबर छाटणीआधी काडीतले डोळे ज्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेता, तो हाताशी असेल तर उत्तमच. पानाचा, देठाचा, सावलीचा असा एकेक भाग निवांत बघा.

तांब्यावरून छापलेलं असेल तर रेषा सलग दिसते. ती बारीक सुरू होते, मध्ये जाड होते आणि टोकाला निमुळती होऊन संपते, कारण कोरणाऱ्याने हत्यार दाबत नेलेलं आणि उचललेलं असतं. शाई कागदावर किंचित उंच बसलेली असते. उजेड आडवा धरला तर ती उंची जाणवते. चित्राभोवती आयताकृती दाबाची खूण हवी, पत्र्याच्या कडेने ओला कागद दबलेला असतो म्हणून. बोट हलकेच फिरवून बघा. ही खूण नसेल तर एक तर समास कापलेले आहेत, नाही तर ते कोरीव चित्रच नाही. मात्र खूण आहे म्हणून लगेच खूश होऊ नका, नव्या छपाईलाही मुद्दाम दाब देऊन ती आणता येते. शिळाछापात दाबाची खूण नसते. तिथे भिंगाखाली खडूने खरवडल्यासारखा रवाळ पोत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बहुरंगी शिळाछापात निरनिराळ्या रंगांचे अनियमित ठिपके एकमेकांवर पडलेले असतात. जर्मनीत १८८७ पासून निघालेल्या क्योलरच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात द्राक्षाचं चित्र आहे, ते या तऱ्हेचं.

आणि सारख्या अंतरावर, रांगेत बसलेले, जागोजाग फुलासारखे गुच्छ केलेले ठिपके दिसले तर ते ऑफसेट. लग्नपत्रिकेवरचा गणपती भिंगाखाली धरा, तोच नमुना दिसेल. इंकजेटमध्ये रांगा नसतात, रंगाच्या फवाऱ्यासारखे अतिसूक्ष्म कण दिसतात. काळ्या रेषेतसुद्धा निळे-गुलाबी कण सापडले की विषय संपला.

एका अपवादाची नोंद ठेवा. रदूते या फ्रेंच चित्रकाराच्या गुलाबांच्या ग्रंथात (१८१७ ते १८२४) ठिपके आहेत, पण ते पत्र्यावर हाताने टोचलेले, लहानमोठे आणि पाकळीच्या वळणाने जाणारे. एकाच पत्र्यावर वेगवेगळे रंग भरून छापलेलं आणि वर कुंचल्याने हात फिरवलेला. नकला सर्वांत जास्त त्याच्याच होतात, म्हणून रदूते स्वस्तात मिळतोय असं वाटलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

हाताने भरलेला रंग रेषेच्या थोडा बाहेर जातो, कडेला साचून गडद होतो, एका पानावर पातळ तर दुसऱ्यावर दाट असतो. कागद उलटा करून बघाच. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद आतून जाळतो, त्यामुळे पानांच्या जागी मागच्या बाजूला तपकिरी सावली उतरलेली असते. ही खूण नकली करणं कठीण आहे.

मग कागद उजेडासमोर धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात. १७५७ च्या सुमारास इंग्लंडच्या व्हॉटमनच्या गिरणीतला सपाट पोताचा कागद छापील पुस्तकांत आला. त्यात पुढे जलचिन्हासोबत साल येऊ लागलं. पुस्तकावर १८१० छापलेलं आणि कागदात १८१७ दिसलं तर घाबरू नका, पत्रे जपून ठेवून नंतर पुन्हा छापण्याची पद्धत होती. मात्र ते पान पहिल्या छपाईचं नाही एवढं त्यातून कळतं, आणि भावही त्या मानाने उतरायला हवा. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात कागदावर धरा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच कागदांत शुभ्रता आणणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. जुना चिंध्यांचा कागद मंदच राहतो.

पुस्तकातून निघालेल्या पानाच्या एका कडेला शिलाईची भोकं असतात. समोरच्या पानावरच्या मजकुराची पुसट छाया चित्रावर उतरलेली असते. हे दोष म्हणून दाखवून भाव पाडायला हरकत नाही, पण मनातून त्यांचं स्वागत करा.

खालच्या अक्षरांत डावीकडे चित्रकाराचं नाव आणि पुढे 'डेल', उजवीकडे कोरणाऱ्याचं आणि पुढे 'स्कल्प' असे लॅटिन संक्षेप असतात. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रावर प्रकाशकाचं नाव आणि तारीख घातली की हक्क सुरक्षित व्हायचा, त्यामुळे इंग्रजी पानांवर ती ओळ बरेचदा मिळते. दुकानदाराने मुद्दाम कापलेला समास हा वाईट लक्षणांत धरावा. साल आणि नाव तिथेच असतं.

एक सापळा आणखी. कॅप्टन कुकच्या १७६८ ते १७७१ च्या सफरीत सिडनी पार्किन्सनने काढलेल्या चित्रांवरून जोसेफ बँक्सने सातशेहून अधिक तांब्याचे पत्रे कोरून घेतले, पण ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेच नाहीत. त्या मूळ पत्र्यांवरून रंगीत संच काढले गेले ते १९८० नंतर. ते अस्सल आहेत, महागही आहेत, पण अडीचशे वर्षांपूर्वी छापलेले नाहीत.

कुठून घ्यायचं, किती द्यायचे

मुंबईत कुलाबा-फोर्ट भागात जुने नकाशे आणि छापील चित्रं ठेवणारी दुकानं आहेत, चोरबाजार आहे, लिलावगृहं आहेत. परदेशी विक्रेते ऑनलाइन विकतात. भावाचा नेमका आकडा सांगण्यात अर्थ नाही, चित्राचा विषय, अवस्था आणि समास यांवर तो फार हलतो. पण पायऱ्या ध्यानात घ्या. इंग्लंडचं 'कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन' १७८७ पासून निघतंय. त्याची पानं वहीच्या पानापेक्षा लहान, १९४८ पर्यंत हाताने रंगवलेली आणि संख्येने भरपूर. म्हणून खरं, जुनं, रंगीत पान सर्वांत कमी पैशांत बहुधा तिथलंच मिळतं. साध्या झाडाचं पान काही हजारांत येऊ शकतं. वाइटची बिनरंगी पानंही हाताला येतील अशी. फोर्ब्स त्याच्या वर. हॉर्टस मलबारिकस, रॉक्सबर्ग, वॉलिक त्याहून बरेच वर. रदूतेचा गुलाब बहुतेकांच्या बजेटबाहेर. आंबा, कमळ, केळी यांना नेहमीच जास्त मागणी असते. गवत, डाळी, रानभाज्या यांना कुणी विचारत नाही, पण चित्रकारीचा कस बऱ्याचदा तिथेच लागलेला असतो.

पावतीवर ग्रंथाचं नाव, आवृत्तीचं साल, चित्रक्रमांक, छपाईचं तंत्र, आणि रंग त्या काळचा की नंतरचा, एवढं लिहून घ्या. 'अँटिक प्रिंट' एवढ्या दोन शब्दांवर पैसे देऊ नका. लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याशी घासाघीस करण्यात वेळ कशाला घालवायचा?

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेषात येऊ शकते. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या नव्या घरासाठी इथून जुनं चित्र पाठवू, असा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. बाहेरून मागवताना सीमाशुल्काचा हिशेब विक्रेत्याच्या किमतीत धरलेला नसतो, कुरिअर कंपनीकडून आधीच विचारून घ्या.

निफाडच्या हवेत जपायचं कसं

जुन्या कागदाचा शत्रू म्हणजे ओल, उजेड आणि आपलाच उत्साह. तालुक्याच्या गावी फ्रेम करायला दिलं की कारागीर चित्र लॅमिनेट करू का विचारतो, नाही तर हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवून टाकतो. दोन्ही गोष्टी परत न फिरणाऱ्या आहेत. दोनशे वर्षं टिकलेला कागद त्या एका दुपारी संपतो. आम्लमुक्त माउंट बोर्ड मागवा, चित्र त्यावर फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगा. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीएवढं अंतर हवं. सेलोटेप कुठेही नको.

निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेला की बातमी होते. पहाटे भिंत थंडगार, दुपारी ऊन. बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या चौकटीत आतल्या बाजूला दव धरतं आणि कागदावर तांबूस ठिपके उठतात. म्हणून आतल्या भिंतीवर लावा, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चौकट उतरवून मागे कसर लागली का, ते बघा. खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली लावू नका, जलरंग उडतात ते परत येत नाहीत.

द्राक्षवाल्यांसाठी एक खास सूचना. पॅकहाउसच्या ऑफिसात, बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत ही चित्रं अजिबात नकोत. पेटीत घालायच्या ग्रेप गार्डच्या कागदांतून आणि बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीतून सल्फर डायऑक्साइड सुटतो. घडावर बुरशी येऊ नये म्हणून तो कामाचा, पण दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि कागद ठिसूळ पडतो.

डाग, फाट, वाळवीची भोकं यांवर घरगुती उपाय करू नका. ब्लीचने कागद पांढरा होतो आणि नंतर तुटतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा कामासाठी तिथे चौकशी करता येते.

आता ज्यांना होमस्टेच्या आठ खोल्या सजवायच्या आहेत त्यांच्यासाठी. तुम्हाला जुनं काही घ्यायची गरजच नाही. वर सांगितलेले बहुतेक ग्रंथ 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' यांवर पानन् पान स्कॅन करून ठेवलेले आहेत. लेखक-चित्रकार जाऊन दीडशे-दोनशे वर्षं झाली, त्यामुळे त्यांचे हक्कही संपलेले आहेत. मोठ्या आकाराचं स्कॅन उतरवा, नाशिकच्या चांगल्या डिजिटल प्रेसमध्ये सुती कागदावर छापून घ्या आणि खाली मराठीत झाडाचं नाव, ग्रंथ, साल, चित्रकार लिहा. कांद्यासाठी फ्रान्सच्या विल्मोरिन बियाणे कंपनीचा एकोणिसाव्या शतकातला भाज्यांचा अल्बम बघा. लासलगावच्या रस्त्यावर कांद्याचं याहून चांगलं चित्र लावता येणार नाही. नक्कल आहे हे पाहुण्यांना सांगून टाका, त्यात कमीपणा नाही.

आणि घरच्या माळ्यावर, गावच्या जुन्या वाचनालयात चित्रांचा बांधीव ग्रंथ सापडला तर पानं सुटी करून विकू नका, कुणी कितीही आकडा सांगो. पुस्तक अखंड असेल तरच त्यातल्या चित्राचा मजकुराशी, सालाशी, चित्रकाराशी असलेला धागा राहतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, जुन्या ग्रंथाबद्दल निदान तिथे विचारा, मगच पुढचं ठरवा.

पहिलीच खरेदी असेल तर माझं मत स्पष्ट आहे. रंगाच्या नादी न लागता वाइटचं, रंगिया किंवा गोविंदूचं नाव असलेलं एक बिनरंगी पान घ्या, आणि झाड असं निवडा जे तुमच्या बांधावर आज उभं आहे.